गाडीत ओल का धरते? काच पुसण्यापूर्वी कारण शोधा

कापडाचा धंदा करणाऱ्याला ओलीची ओळख करून देण्याची गरज नाही. गोदामाच्या भिंतीपासून तागे हातभर दूर ठेवावेत, थप्पी जमिनीवर न लावता लाकडी फळ्यांवर लावावी, पावसाळ्यात खालचे तागे अधूनमधून वर घ्यावेत, ही खबरदारी आम्हाला वडीलधाऱ्यांनी शिकवली. परंतु तोच माल ज्या गाडीतून गिऱ्हाइकाच्या दुकानापर्यंत जातो त्या गाडीच्या आतच ओल असेल तर काय करावे, हे कोणी शिकवले नव्हते. ते आम्ही नुकसान सोसून शिकलो. आपल्यापैकी अनेक लहान व्यापाऱ्यांकडे आज स्वतःची बंद व्हॅन किंवा मोटार आहे, म्हणून तो तजुर्बा येथे मांडत आहोत.

2022 सालच्या जुलै महिन्यात आमच्या व्हॅनमधून पांढऱ्या सुती कापडाचा माल भिवंडीहून नाशिकला निघाला. गाडीत आमचे जुने ड्रायव्हर आणि आम्ही असे दोघे होतो. कसारा घाट चढताना पाऊस जोरात आला. आम्ही सर्व काचा गच्च बंद केल्या, बाहेरची हवा आत येण्याचा खटकाही बंद केला. पाचच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. आम्ही रुमालाने पुसत होतो, ती पुन्हा धरत होती. एका वळणावर पुढे थांबलेला ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला. ड्रायव्हर चाचांनी ब्रेक लावला म्हणून आज हा लेख लिहीत आहोत.

नाशिकला माल उतरवला, तेव्हा खालच्या थरातील ताग्यांच्या कडा दमट लागल्या. त्याकडे आम्ही फारसे लक्ष दिले नाही. दहा दिवसांनी गिऱ्हाइकाने 12 तागे परत पाठवले. त्यांवर काळपट बुरशीचे ठिपके होते. आमचा राग ड्रायव्हर चाचांवर निघाला. आदल्या रात्री त्यांनी गाडीची काच उघडी ठेवली असणार, असे आम्ही धरून चाललो. ते म्हणाले, "शेठ, काच मी बंद केली होती. तुम्ही गाडी एकदा दाखवून घ्या." आम्ही ऐकले नाही. त्यांच्या पगारातून 1,500 रुपये कापले. त्या हिशेबाकडे आम्ही शेवटी येऊ.

काचेवर पाणी येते कोठून?

हवेत पाण्याची वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी गरम तितकी वाफ ती जास्त सामावते. 30 अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. तीच हवा 20 अंशांवर आली की तिची ताकद सुमारे 17 ग्रॅमवर येते आणि 10 अंशांवर 9 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भिवंडीची पावसाळी दमट हवा गाडीत कोंडून आपण घाटावर नेली आणि पावसाने काच थंड झाली, तर काचेला लागलेल्या हवेला वाफ सांभाळता येत नाही. जास्तीचे पाणी ती काचेवर टाकून मोकळी होते. गाडीत सर्वांत आधी थंड होणाऱ्या भागांपैकी काच एक आहे, म्हणून दव प्रथम तिच्यावर दिसते. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही ते धरते, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

ही वाफ आणणारे आपणच असतो. गाडीत स्वस्थ बसलेला एक माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघेजण बसले तर तासाभरात पेलाभर पाणी झाले. ओल्या छत्र्या, भिजलेल्या चपला आणि पायपुसणे यांचे पाणी वेगळेच.

आता कापडाचा हिशेब पाहा. कोरड्या सुताच्या 100 किलोमागे 8.5 किलो पाणी, हे प्रमाण आपल्या व्यापारात मान्य आहे. पॉलिएस्टरसाठी तेच प्रमाण अवघे 0.4 किलो आहे. म्हणजे गाडीत 300 किलो सुती माल भरला, तर तो नेहमीच्या अवस्थेतही सुमारे 23 किलो पाणी बरोबर घेऊन चालतो. पावसाळ्यात गोदामाची हवा दमट असेल तर त्याहून जास्त. हे सारे पाणी लगेच बाहेर पडत नाही, परंतु हवा आणि कापड यांच्यात देवाणघेवाण सतत चालू असते. सुती माल भरलेली बंद गाडी पॉलिएस्टर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर का धुरकटते, त्याचे एक कारण येथे आहे. परदेशी माल पाठवणारे याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. दिवसा तापलेला कंटेनर रात्री थंड पडला की छताला दव धरून ते मालावर ठिबकते. आपल्या व्हॅनमध्ये हेच लहान प्रमाणात घडते.

यावरून धड्याचे मूळ तत्त्व असे की, काचेवरचे दव हे खाते नव्हे, खात्याखालची बाकी आहे. पाणी कोठून जमा होते आणि कोठून खर्ची पडते हे पाहिले नाही, तर नुसती बाकी पुसून काही होत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते.

पहिला सवाल : दव आतून की बाहेरून?

काचेवर आतून बोट ओढावे. रेघ उमटली तर दव आतले आहे. रेघ न उमटता बाहेरून वायपर फिरवल्यावर काच साफ होत असेल, तर दव बाहेरचे आहे. वातानुकूलित गाडीत हे पावसाळ्यात नेहमी घडते. आत थंडी फार वाढवली आणि थंड हवेचा झोत काचेवर सोडला, की काच बाहेरच्या हवेपेक्षा थंड होते आणि बाहेरून दव धरते. तेथे दोष गाडीचा नाही. झोत काचेवरून काढावा, आतली थंडी थोडी कमी करावी, वायपर फिरवावा. पुष्कळ लोक अशा वेळी आतून काच पुसत बसतात आणि गाडी बिघडली असे समजतात.

दव आतले असेल तर दुसरा सवाल विचारावा.

दुसरा सवाल : पाणी हवेतले की गळतीचे?

पाऊस चालू असताना, माणसे बसलेली असताना काच धुरकटली आणि हवा खेळती करताच ती साफ झाली, तर ते नेहमीचे दव होय. परंतु गाडी रात्रभर रिकामी उभी असून सकाळी काचा आतून वारंवार ओल्या दिसत असतील, गाडी उघडताच कुबट वास येत असेल, पायाखालची चटई दमट लागत असेल, तर गाडीत कोठेतरी पाणी साठले आहे असे समजावे. त्याचा तपास घरच्या घरी करता येतो.

1. वर्तमानपत्राची चाचणी. चटया उचलून चारही पायांच्या जागी आणि मागे मालाच्या जागी कोरडे वर्तमानपत्र दाबून पसरावे. वर वजन ठेवावे. सकाळी कोणता कागद ओला झाला ते पाहावे. कागदावर जागेचे नाव लिहून ठेवल्यास घोटाळा होत नाही.

2. कापडाची चाचणी. ही आमच्या धंद्यातली आहे. एकाच ताग्यातून सुती कापडाचे दोन सारखे तुकडे कापावेत. ग्रॅमच्या काट्यावर दोन्ही सारख्या वजनाचे करून घ्यावेत. एक घराच्या कोरड्या कपाटात आणि दुसरा बंद गाडीत रात्रभर टांगावा. सकाळी लगेच तोलावे. गाडीतला तुकडा स्पष्टपणे जड भरला तर गाडीची हवा घरापेक्षा दमट आहे. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा केली की काम झाले की नाही तेही कळते.

3. नोटेची चाचणी. दाराच्या चौकटीवर कागद किंवा नोट ठेवून दार बंद करावे आणि ती ओढावी. थोडी अडली पाहिजे. जेथून ती सहज निसटते तेथे दाराचे रबर बसले आहे किंवा दार नीट मिटत नाही. चारही बाजूंनी वीतभर अंतरावर ही परीक्षा घ्यावी.

4. पाण्याच्या नळीची चाचणी. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या धारेने पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. एका जागी निदान चार-पाच मिनिटे पाणी सोडल्याशिवाय पुढे सरकू नये. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कोठे आहे ते समजत नाही. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र वापरू नये, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत शिरते.

गळती कोठे शोधावी?

गाडी बनवणाऱ्याने पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट करून देण्यावर भर दिलेला असतो. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. त्या वाटा तुंबल्या की पाणी आत वळते.

समोरच्या काचेच्या खाली, वायपरजवळ एक पन्हळ असते. तिची भोके पालापाचोळ्याने तुंबतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हा दोष हमखास. पावसाळ्याआधी तेथील पाने हाताने काढून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी खाली रस्त्यावर पडले पाहिजे.

दाराच्या पोकळीत पाणी शिरणे हा दोष नव्हे. काच वरखाली होते त्या फटीतून थोडे पाणी आत जातेच आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडते. ती भोके मातीने बंद झाली की दारात पाणी साठते. दार हलवल्यावर आतून खळखळ आवाज येतो. लाकडी काडीने भोके साफ करावीत.

दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. दाराच्या पोकळीतले पाणी माणसांच्या बाजूला येऊ नये हे त्याचे काम. दुरुस्तीसाठी किंवा स्पीकर बसवण्यासाठी पॅनेल काढले आणि हा पडदा फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर पाणी उंबऱ्यावरून थेट चटईखाली जाते.

याशिवाय मागच्या दिव्यांची रबरी बैठक, डिकीच्या दाराचे रबर, छतावर कॅरियर बसवताना पाडलेली भोके, समोरची काच बदलली असल्यास तिचा चिकटा आणि तळाच्या पत्र्यातील रबरी बुचे या जागा पाहाव्यात. काच किंवा दार बदललेले असेल तर तपास तेथूनच सुरू करावा.

आमच्या व्हॅनमध्ये काय निघाले?

माल परत आल्यानंतर महिनाभराने व्हॅनचा कुबट वास इतका वाढला की आम्ही ती ओळखीच्या कुशनवाल्याकडे नेली. त्याने डाव्या पुढच्या बाजूची चटई उचलली. वरची रबरी चटई कोरडी होती, परंतु तिच्या खालचा नमदा पिळला तर पाणी निघत होते. मग त्याने डाव्या दाराचे पॅनेल उघडले. आदल्या उन्हाळ्यात आम्ही हौसेने गाण्यासाठी त्या दारात स्पीकर बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने प्लॅस्टिकचा पडदा ब्लेडने कापून तसाच लोंबता सोडला होता.

आता सर्व दुवे जुळले. पाऊस दारात शिरत होता, फाटक्या पडद्यातून नमद्यात मुरत होता आणि गाडी घाट चढू लागली की उताराने मागे, मालाच्या तळाखाली जात होता. तेथे खालच्या थराचे तागे ते पाणी ओढून घेत होते. त्याच ओल्या नमद्यातून उठलेली वाफ, आम्हा दोघांचा श्वास आणि गोदामातून दमट भरलेला माल यांनी घाटातील काच पांढरी केली. त्यावर आम्ही बाहेरची हवा बंद करून वाफेचा शेवटचा रस्ताही अडवला होता.

नवीन जाड प्लॅस्टिक कापून, कडेने चिकटपट्टी लावून, खालची कड दाराच्या पोकळीत वळवून पडदा बसवला. खालची कड आत वळवणे महत्त्वाचे, नाहीतर ओघळणारे पाणी पुन्हा बाहेरच पडते. खर्च किरकोळ आला. त्या 12 ताग्यांच्या किमतीपुढे तो काहीच नव्हता.

येथे एक इशारा. हल्लीच्या गाड्यांत दारात, खांबांत आणि आसनांत हवेच्या पिशव्या आणि त्यांची तार असते. अशा गाडीचे पॅनेल किंवा आसन घरी उघडू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या तळाशी पाणी आढळल्यास स्वतः खोलाखोल न करता जाणकाराकडेच न्यावी.

वातानुकूलित गाडीचा वेगळा मर्ज

आमच्या घरच्या मोटारीतही पुढे एकदा डाव्या पायाखाली पाणी आले. त्या वेळी पाऊस नव्हता, मे महिना होता. एसी चालतो तेव्हा डॅशबोर्डमागच्या थंड कॉइलवर हवेतील वाफ दव होऊन जमते आणि एका नळीने गाडीखाली ठिबकते. दमट दिवसात एसी चालवून उभ्या केलेल्या गाडीखाली पाण्याचे डबके दिसते, ते चांगले लक्षण आहे. ते दिसेनासे झाले आणि आत चटई ओली झाली, तर नळी तुंबली असे समजावे. गॅरेजमध्ये ती हलक्या हाताने साफ करतात. फार जोराची हवा मारली तर नळी आतून निसटण्याची भीती असते. त्याच वेळी हवेचा आतला फिल्टर पाहून घ्यावा. तो धुळीने गच्च झाला की काचेवर येणारा झोत मंदावतो आणि काच साफ व्हायला वेळ लागतो.

एक दोष मात्र वेळ न घालवता दाखवावा. काचेवरचे दव तेलकट, चिकट असेल, आत गोडसर वास येत असेल आणि इंजिनातील कूलंटची पातळी वरचेवर उतरत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळत असण्याची शक्यता आहे. हे द्रव्य विषारी असते, ते चाखून पाहू नये, मुलांना त्यापासून दूर ठेवावे. कूलंट संपत गेले तर इंजिन तापून मोठा खर्च निघतो.

वाळवताना घाई करू नये

गळती बंद केली म्हणजे काम अर्धे झाले. साठलेले पाणी काढणे हा दुसरा अर्धा भाग आहे. चटई वरून कोरडी लागते आणि खालचा नमदा आठवडाभर ओला राहतो. म्हणून नमदा उचलता येत असेल तर उचलून उन्हात टाकावा. येत नसेल तर खाली लाकडी ठोकळे सारून हवा खेळेल इतका उंच करावा, प्रथम सुती कापडाने दाबून पाणी टिपावे आणि मग पंखा लावावा. भर उन्हात गाडीच्या काचा बंद ठेवून ती वाळत नाही. पाण्याची वाफ होते, रात्री ती पुन्हा पत्र्यावर धरते. काचा उघड्या ठेवल्या तरच वाफ बाहेर जाते.

बाजारात ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी धरते. म्हणजे अर्ध्या किलोची पुडी फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी घेईल. उरलेली ओल राखण्यास ती ठीक, परंतु नमद्यात लिटरभर पाणी मुरलेले असताना पुडी टांगून बसणे म्हणजे मनाची समजूत आहे. ज्या डब्यांत शोषलेल्या पाण्याचा द्राव साठतो, ते मालाच्या गाडीत ठेवूच नयेत. डबा कलंडला तर तो खारट द्राव ताग्यांवर सांडतो आणि नवीन डाग पडतो.

रस्त्यात काच धुरकटली तर

येथे पुष्कळांचा एक गैरसमज आहे, आमचाही होता. बाहेर पाऊस आहे, हवा ओली आहे, तेव्हा ती आत घेऊ नये असे वाटते. वस्तुतः काच बहुधा बाहेरच्या हवेइतकी किंवा तिच्याहून थोडी गरम असते. म्हणून बाहेरून आत घेतलेली हवा त्या काचेवर सहसा दव टाकत नाही. दव टाकते ती आत कोंडलेली, आपल्या श्वासाने जड झालेली उबदार हवा. म्हणून क्रम असा ठेवावा :

1. हवा आतल्या आत फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी.
2. ब्लोअर मोठा करून झोत समोरच्या काचेकडे वळवावा.
3. एसी असल्यास चालू करावा आणि तापमान उबदार बाजूला ठेवावे. थंड कॉइल हवा सुकवते, हीटर ती गरम करतो, आणि अशी कोरडी गरम हवा काच लवकर साफ करते.
4. एसी नसेल तर हीटर लावावा आणि समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली कराव्यात.
5. तरीही पुढचे दिसत नसेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. घाटात एका हाताने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी चालवू नये.

हवा आत फिरवत ठेवून मध्येच एसी बंद केला, तर कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन आत येते आणि काच क्षणात धुरकटते. हे टाळावे. काच आतून स्वच्छ ठेवणेही जरुरीचे आहे. धूर, धूळ, हाताचा तेलकटपणा आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उडणारा अंश यांचा थर काचेवर बसतो व त्याला दव लवकर धरते. साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून, मग साध्या पाण्याने आणि शेवटी कोरड्या कापडाने काच साफ करावी. मागच्या काचेवर तापणाऱ्या तारा असतील तर कापड तारांच्या दिशेने, आडवे फिरवावे.

माल भरताना

पावसाळ्यात माल गाडीत थेट तळावर ठेवू नये. लाकडी पट्ट्यांची जाळी करून घ्यावी, म्हणजे खाली हवा राहते आणि पाणी आले तर दिसते. पत्र्याच्या भिंतीला तागा टेकू देऊ नये. मागच्या बाजूला हवा बाहेर जाण्याची झडप असेल तर तिच्यावर थप्पी लावू नये, कारण आलेली हवा बाहेर पडण्याचा तोच रस्ता असतो. पॉलिथिनमध्ये बांधणार असाल तर कापड आधी कोरडे आहे याची खात्री करावी. दमट कापड पॉलिथिनमध्ये गच्च बांधले तर ओल आतच कैद होते. कांजी असलेल्या कोऱ्या कापडाला बुरशी लवकर लागते, कारण सुताबरोबर कांजीही तिचे खाद्य आहे. माल उतरवताच खालच्या थरावर हात फिरवावा. दमट लागला तर तेथेच उलगडून पंख्याखाली टाकावा आणि गिऱ्हाइकाला सांगावे. आम्ही नाशिकला हे केले असते, तर 12 तागे कदाचित वाचले असते.

शेवटचा हिशेब

कुशनवाल्याने फाटका पडदा हातात दिला तेव्हा ड्रायव्हर चाचा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. रात्री गाडीची काच उघडी राहिली असती, तर वरची चटई आणि आसन ओले झाले असते. ओला होता खालचा नमदा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी चटई उचलून पाहिली असती तर पाच मिनिटांत कळली असती. आम्ही चटई उचलण्याआधी माणसावर ठपका ठेवला.

त्याच संध्याकाळी पेढीवर, मुनीम आणि इतर माणसांसमोर आम्ही म्हणालो, "चाचा, चूक आमची होती. माफ करा." कापलेले 1,500 रुपये परत दिले आणि वहीत त्याची नोंद केली. चाचांनी पैसे खिशात ठेवले आणि एवढेच म्हणाले, "शेठ, त्या दिवशीच गाडी दाखवली असती तर माल वाचला असता." ते खरे होते. आम्ही तक्रार करणाऱ्याचे ऐकले असते, तर महिनाभर आधी कारण सापडले असते आणि त्या महिन्यात गाडीतून गेलेला बाकीचा माल तरी निर्धास्त गेला असता.

तेव्हापासून आमच्या पेढीवर एक नियम आहे. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही गाड्यांच्या चटया उचलायच्या, पन्हळीत आणि दारांवर पाणी ओतून पाहायचे, दारांची भोके साफ करायची, रबरांवर नोट फिरवायची. अर्धा दिवस जातो. आणि गाडीत, गोदामात किंवा हिशेबात कोठेही ओल लागली, तर तेथे रोज काम करणाऱ्या माणसाला प्रथम विचारायचे, मगच निकाल द्यायचा. व्यापारी बांधवांनी पावसाआधी एवढे करून पाहावे.